संश्लेषण वायूपासून द्रवइंधन : कोबाल्ट उत्प्रेरकाची घडण

कोळसा, उसाचे चिपाड किंवा शेतातील काडीकचरा प्राणवायू आणि वाफेच्या मोजक्या पुरवठ्यात उच्च तापमानाला तापवला, अथवा नैसर्गिक वायूची वाफेशी निकेल उत्प्रेरकावर अभिक्रिया घडवली, की मुख्यत्वे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. या मिश्रणाला संश्लेषण वायू म्हणतात आणि उद्योगात त्याचे रूढ नाव सिनगॅस असे आहे. महाराष्ट्राला हा वायू नवा नाही, कारण थळ आणि तळोजे येथील अमोनिया प्रकल्पांत नैसर्गिक वायूपासून पहिल्या टप्प्यात हाच वायू तयार होतो आणि त्यातील हायड्रोजन पुढे खतासाठी वापरला जातो. याच वायूतील कार्बनचे अणू एकमेकांना जोडत नेले, तर डिझेल, विमानाचे इंधन आणि मेण यांच्या लांब साखळ्या बांधता येतात. ही जोडणी घडवून आणणाऱ्या अभिक्रियेला फिशर–ट्रॉप्श संश्लेषण असे नाव आहे आणि तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उत्प्रेरकांत कोबाल्टचे स्थान फार वरचे आहे.

पॉल सबात्ये आणि सांदरँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये निकेल आणि कोबाल्टवर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनपासून मिथेन बनवून दाखवला होता. मिथेनमध्ये मात्र कार्बनचा एकच अणू असतो, त्यामुळे द्रवइंधनाच्या दृष्टीने त्या शोधाचा उपयोग मर्यादित होता. जर्मनीतील म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास दाब आणि तापमान सौम्य ठेवून लांब साखळीचे हायड्रोकार्बन मिळवले आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांत रूर्केमी कंपनीने ही पद्धत कारखान्यात उतरवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत असे नऊ कारखाने चालत होते आणि ते सगळे कोबाल्टवर चालत होते. त्यांच्या प्रमाणित उत्प्रेरकाचे सूत्र रसायनशास्त्राच्या ग्रंथांत आजही दिले जाते : वजनाने १०० भाग कोबाल्ट, ५ भाग थोरियम ऑक्साइड, ८ भाग मॅग्नेशियम ऑक्साइड आणि २०० भाग किझेलगूर, म्हणजे सूक्ष्म जलवनस्पतींच्या सिलिकामय सांगाड्यांची माती. पुढे दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनीने १९५५ पासून स्वस्त लोहाची वाट धरली, तर शेल कंपनीने मलेशियातील बिंतुलू येथे १९९३ मध्ये आणि कतारमधील पर्ल प्रकल्पात २०११ मध्ये पुन्हा कोबाल्टच निवडला. पर्ल प्रकल्पाची क्षमता दिवसाला सुमारे १,४०,००० पिंपे द्रवपदार्थांची आहे.

लोह आणि कोबाल्ट यांतील निवड मुळात वायूच्या घडणीवरून ठरते. साखळीत कार्बनचा एक दुवा जोडायला कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे दोन रेणू लागतात व पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. नैसर्गिक वायूपासून बनलेल्या सिनगॅसमध्ये हे दोनास एक प्रमाण सहज साधते, पण कोळशाच्या किंवा जैवभाराच्या वायूत हायड्रोजन कमी पडतो. लोह हे कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी यांच्यापासून आणखी हायड्रोजन तयार करण्याचे कामही सोबतच करते, त्यामुळे हायड्रोजन कमी असलेला वायू त्याला चालतो. कोबाल्ट ती जोडअभिक्रिया जवळजवळ करत नाही. म्हणून त्याला आधीच प्रमाण जुळवलेला आणि अतिशय शुद्ध वायू द्यावा लागतो, पण त्या बदल्यात तो २०० ते २४० अंश सेल्सियस आणि २० ते ३० बार दाबाला वर्षानुवर्षे काम करतो, कार्बन वाया घालवत नाही आणि सरळ, लांब साखळ्या देतो.

साखळी किती लांब होणार हे संभाव्यतेचे गणित आहे. धातूच्या पृष्ठभागावर वाढणाऱ्या साखळीपुढे प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असतात, आणखी एक कार्बन जोडून घेणे किंवा पृष्ठभाग सोडून निघून जाणे. जोडून घेण्याची संभाव्यता अल्फा या अक्षराने दाखवतात. अल्फा ०.८ असेल, तर एकवीस किंवा अधिक कार्बनच्या मेणाचा वाटा वजनाने सुमारे ६ टक्के निघतो, अल्फा ०.९ झाला की तो ३६ टक्क्यांवर जातो आणि ०.९५ झाला की ७२ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. मेण हवे असते ते मेणासाठी नव्हे. लांब साखळ्या नंतर हायड्रोजनच्या दाबाखाली तोडून त्यांचे डिझेल किंवा विमानाचे इंधन करता येते, पण एकदा बनलेला मिथेन परत साखळीत ओवता येत नाही. म्हणून कोबाल्ट उत्प्रेरक घडवणाऱ्याचे पहिले उद्दिष्ट मिथेन कमीत कमी ठेवणे हेच असते.

कोबाल्ट महाग आहे आणि अभिक्रिया केवळ त्याच्या पृष्ठभागावर घडते, त्यामुळे धातूच्या गोळ्यातील आतले अणू या कामापुरते निरुपयोगी ठरतात. कण २० नॅनोमीटर व्यासाचा असेल तर जेमतेम ५ टक्के अणू पृष्ठभागावर येतात, १० नॅनोमीटरला सुमारे १० टक्के आणि ६ नॅनोमीटरला सुमारे १६ टक्के. यावरून कण जितका लहान तितके उत्तम, असे कोणालाही वाटेल; पण नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या गटाने २००६ मध्ये कार्बनच्या तंतूंवर निरनिराळ्या आकाराचे कोबाल्टकण बसवून दाखवले की ६ ते ८ नॅनोमीटरच्या खाली गेल्यास पृष्ठभागावरील प्रत्येक अणूची कार्यक्षमताच घसरते आणि मिथेन वाढतो. हा निष्कर्ष उत्प्रेरकाच्या निर्मात्याला अतिशय अरुंद पट्ट्यात उभे करतो. लाखो-कोटी कण एकाच वेळी, साधारण त्याच आकाराचे, एकमेकांपासून अंतर राखून आणि आधारावर घट्ट बसलेले असे तयार करायचे आहेत, आणि तेही किलोवारी नव्हे, तर टनावारी.

कणांना बसायला जागा लागते आणि ती जागा देणाऱ्या सच्छिद्र पदार्थाला आधारद्रव्य म्हणतात. गॅमा ॲल्युमिना, सिलिका आणि टायटॅनिया ही तीन आधारद्रव्ये या क्षेत्रात रुळलेली आहेत. गॅमा ॲल्युमिनाच्या एका ग्रॅममध्ये रंध्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ शंभर-दोनशे चौरस मीटर भरते. सिलिकावर कोबाल्ट सैल बसतो, त्यामुळे तो सहज धातुरूपात येतो, पण कण मोठे होतात. ॲल्युमिना त्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे कण लहान राहतात, पण काही कोबाल्ट ॲल्युमिनामध्ये इतका मिसळतो की तो धातूत उतरतच नाही. आधारद्रव्याची निवड ही या दोन टोकांमधली तडजोड असते आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तिचे परिणाम भोगावे लागतात.

कोबाल्ट रंध्रांत पोहोचवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत इम्प्रेग्नेशनची आहे, म्हणजे आधारद्रव्याला कोबाल्टच्या क्षाराच्या द्रावणाने भिजवण्याची. तिचा सर्वांत नेमका प्रकार असा की रंध्रांत जेवढे द्रव मावते तेवढेच द्रावण घालायचे, थेंबभरही जास्त नाही. पोहे भिजवताना ते सगळे पाणी शोषून घेतील पण ताटलीत साठणार नाही इतकेच पाणी शिंपडतात, तसाच हा हिशेब असतो. यासाठी आधी शुद्ध पाणी थेंबाथेंबाने घालून, भुकटी अचानक ओलसर होऊन चिकटू लागते तो क्षण गाठतात आणि त्यावरून रंध्रांचे आकारमान ठरवतात. क्षार म्हणून बहुधा कोबाल्ट नायट्रेटचे लालसर स्फटिक घेतात, कारण ते पाण्यात भरपूर विरघळतात आणि तापवल्यावर नायट्रेटचा भाग वायुरूपात निघून जातो, मागे क्लोरीन किंवा गंधकासारखे घातक काही उरत नाही.

हिशेब कागदावर मांडला की या पायरीची अडचण कळते. १०० ग्रॅम ॲल्युमिनाची रंध्रे ५० मिलिलिटर द्रव धरतात असे मानू. तयार उत्प्रेरकात १० टक्के कोबाल्ट हवा असेल, तर सुमारे ११ ग्रॅम धातू, म्हणजे ५५ ग्रॅम सजल नायट्रेट लागेल; त्याला लागणारी जागा ढोबळमानाने ३० मिलिलिटर धरली, तर उरलेल्या जागेत पाणी घालून तो आरामात मावतो. पण उद्योगात हवा असणारा २० टक्के कोबाल्ट एकदम घालायचा तर २५ ग्रॅम धातूसाठी १२० ग्रॅमहून अधिक नायट्रेट लागेल आणि तो पाण्याशिवाय नुसता वितळवला तरी ५० मिलिलिटरमध्ये मावणार नाही. म्हणून भिजवणे, सुकवणे आणि भाजणे ही मालिका दोनदा किंवा तीनदा करावी लागते. औद्योगिक कोबाल्ट उत्प्रेरकाची किंमत केवळ धातूमुळे वाढत नाही, अशा पुनरावृत्तीमुळेही वाढते, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

सुकवणे ही दिसायला साधी क्रिया आहे, पण अनेक उत्प्रेरक इथेच बिघडतात. पाणी वेगाने बाहेर पडू लागले, तर ते विरघळलेला नायट्रेटही आपल्याबरोबर आधारद्रव्याच्या गोळीच्या बाहेरच्या थराकडे ओढून नेते, आणि आत रिकामी व बाहेर दाटी अशी रचना होते. त्यानंतरची भाजणी, जिला रसायनशास्त्रात निस्तापन किंवा कॅल्सिनेशन म्हणतात, हवेच्या प्रवाहात ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान करतात. नायट्रेट फुटून नायट्रोजनचे तपकिरी वायू निघतात आणि गुलाबी पदार्थ काळ्या कोबाल्ट ऑक्साइडमध्ये बदलतो. हे वायू आणि पाण्याची वाफ भट्टीत साचून राहिली, तर ऑक्साइडचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून पातळ थर आणि वेगवान हवा यांचा आग्रह धरला जातो. उट्रेख्टमध्येच पुढे असे आढळले की हवेऐवजी पातळ केलेल्या नायट्रिक ऑक्साइड वायूत नायट्रेट फोडला, तर कण लक्षणीय बारीक आणि एकसारखे मिळतात. तापमान जास्त चढले, तर कोबाल्ट ॲल्युमिनामध्ये शिरून कोबाल्ट ॲल्युमिनेट हे निळे संयुग तयार होते. चित्रकारांचा प्रसिद्ध कोबाल्ट निळा रंग तो हाच. रंगाच्या दुनियेत तो मौल्यवान असला, तरी उत्प्रेरकात त्याचा अर्थ तेवढा कोबाल्ट कायमचा हातचा गेला, असा होतो.

ऑक्साइड अजून उत्प्रेरक नाही. त्यातील प्राणवायू काढून धातू उघडा करण्याच्या क्रियेला क्षपण म्हणतात आणि ती हायड्रोजनच्या प्रवाहात, सामान्यतः ३५० ते ४०० अंशांना, दोन टप्प्यांत होते. प्रथम काळा ऑक्साइड कमी प्राणवायूच्या कोबाल्ट मोनॉक्साइडमध्ये उतरतो आणि मग त्यातून धातू मिळतो. प्रत्येक टप्प्यात पाण्याची वाफ सुटते आणि तीच या क्रियेची शत्रू असते, कारण ती क्षपण मंदावते, कणांना एकत्र येण्यास मदत करते आणि ॲल्युमिनाशी होणारे ते नकोसे मिश्रणही वाढवते. म्हणून तापमान मिनिटाला एखाद्या अंशाच्या गतीने चढवतात आणि हायड्रोजनचा प्रवाह मुबलक ठेवतात. प्लॅटिनम, रुथेनियम किंवा ऱ्हेनियम अल्प प्रमाणात मिसळले, तर क्षपण कमी तापमानाला उरकते, म्हणून यांना प्रवर्धक म्हणतात. प्लॅटिनम टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजावे इतके कमीही पुरते. या सर्व खटाटोपानंतर मिळालेला धातू इतका क्रियाशील असतो की हवेशी गाठ पडताच तापून पेटू शकतो, त्यामुळे तो कारखान्यात नेण्यासाठी मेणात बुडवून गोठवतात किंवा काटेकोरपणे बंदिस्त अशा संयंत्रातच त्याचे क्षपण करतात.

कोबाल्टकणाच्या आकाराइतकेच महत्त्व तो ज्या गोळीत बसतो तिच्या आकाराला आहे. काम करणाऱ्या उत्प्रेरकाची रंध्रे द्रवरूप मेणाने भरलेली असतात आणि वायूंना त्या मेणातून वाट काढत आत जावे लागते. हायड्रोजन चपळ असल्याने खोलवर पोहोचतो आणि कार्बन मोनॉक्साइड मागे पडतो. त्यामुळे गोळीच्या मध्यभागी हायड्रोजनचे प्रमाण वाढते आणि तिथे मिथेन तयार होऊ लागतो. एक्झॉन कंपनीच्या संशोधकांनी यावर तोडगा म्हणून कोबाल्ट फक्त गोळीच्या बाहेरच्या पातळ थरात ठेवण्याची पद्धत विकसित केली. म्हणजे सुकवताना जी बाहेरची दाटी दोष ठरते, तीच येथे मोजूनमापून घडवली जाते. वायू, द्रव आणि घन यांच्या सीमेवर घडणाऱ्या अशा अभिक्रियांचे गणित मांडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे १९७८ ते १९८९ या काळातील संचालक एल. के. दोरायस्वामी आणि मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे एम. एम. शर्मा यांनी विषमांगी अभिक्रियांवर लिहिलेला द्विखंडी ग्रंथ १९८४ मध्ये प्रकाशित झाला आणि तो या विषयाचा जगभर वापरला जाणारा संदर्भ ठरला.

उष्णतेचा प्रश्न याला जोडूनच येतो. एक किलो हायड्रोकार्बन बनताना जवळजवळ १२ मेगाज्यूल उष्णता सुटते आणि सुमारे १.३ किलो पाणी तयार होते. उष्णता वेळीच काढली नाही, तर तापमान चढते, साखळ्या आखूड होतात आणि मिथेन वाढतो. मिथेन बनताना उष्णता आणखी सुटते आणि हे चक्र हाताबाहेर जाऊ शकते. तयार झालेले पाणी फार साचले तर लहान कणांचा पृष्ठभाग पुन्हा ऑक्साइडमध्ये जाऊ शकतो. गंधक तर अब्जांश प्रमाणातही पुरेसे घातक असते, कारण त्याचे अणू कोबाल्टच्या पृष्ठभागाला कायमचे चिकटतात. यांत्रिक मजबुतीकडेही दुर्लक्ष चालत नाही. कतारमधील ओरिक्स प्रकल्पात उत्प्रेरक द्रवरूप मेणात तरंगत ठेवलेला असतो, आणि २००७ मध्ये उत्पादन सुरू झाल्यावर मेणात अपेक्षेपेक्षा जास्त बारीक भुकटी आढळल्याने काही काळ उत्पादन कमी ठेवावे लागले. प्रयोगशाळेच्या काचेच्या नळीत असा दोष दिसतच नाही.

यासाठीच उत्प्रेरकाच्या विज्ञानात ग्रॅमपासून किलोपर्यंत आणि किलोपासून टनापर्यंतचा प्रवास हा स्वतंत्र विषय मानला पाहिजे, आणि पुण्याची बाजू तिथेच भक्कम आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. या प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखालील गटाने एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले आणि १९८० च्या दशकात ते झायलोफाइनिंग प्रक्रियेतून बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात प्रत्यक्ष वापरले गेले. परदेशी परवान्याशिवाय देशी उत्प्रेरक पेट्रोरसायन कारखान्यात चालतो, हे त्या यशाने सिद्ध केले. अलीकडे याच संस्थेने मिथेनॉलपासून डायमिथाइल ईथर हे इंधन बनवण्याची दिवसाला २० ते २४ किलो क्षमतेची प्रायोगिक सुविधा उभारली. मिथेनॉलही सिनगॅसपासूनच बनते, त्यामुळे हा मार्ग फिशर–ट्रॉप्शचा शेजारीच म्हणावा लागेल. शहरातील प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने अल्कोहोलपासून बनवलेले विमान इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी पुणे–दिल्ली असे एअरएशिया इंडियाचे प्रवासी उड्डाणही झाले. तेथील रसायन वेगळे आहे, पण ग्राहक तोच आहे. फिशर–ट्रॉप्श पद्धतीने बनवलेले इंधन विमानाच्या नेहमीच्या इंधनात ५० टक्क्यांपर्यंत मिसळण्यास आंतरराष्ट्रीय मानकांनी २००९ मध्येच मान्यता दिलेली आहे.

भारताच्या दृष्टीने गणित दुहेरी आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोळसा वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे लक्ष्य ठेवलेले आहे. चंद्रपूर, वणी आणि उमरेडच्या खाणींमुळे विदर्भ या चर्चेच्या मध्यभागी येतो. मात्र भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते आणि त्यातून मिळणारा वायू हायड्रोजनात उणा व गंधकयुक्त असतो, म्हणजे कोबाल्टला जे नको तेच त्यात भरलेले असते. साखर कारखान्यांच्या चिपाडापासून मिळणाऱ्या वायूत गंधक कमी असले, तरी डांबर आणि अल्कली असतात. वायू पूर्ण स्वच्छ करून आणि त्यात हरित हायड्रोजन मिसळून प्रमाण जुळवता आले, तरच कोबाल्टची निवड शहाणपणाची ठरते. अन्यथा लोह स्वस्त आणि सहनशील आहे.

धातूच्या पुरवठ्याचा मुद्दा तर टाळताच येत नाही. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी बहुतांश एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, विजेऱ्यांचे उद्योग त्यासाठी स्पर्धा करतात आणि भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत त्याचा समावेश आहे. दिलासा एवढाच की उत्प्रेरक निकामी झाला तरी त्यातील कोबाल्ट नाहीसा होत नाही. जर्मन कारखान्यांनी युद्धकाळातच वापरलेला उत्प्रेरक नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातून पुन्हा नायट्रेट मिळवण्याची व्यवस्था बसवली होती, कारण त्यांच्याकडेही धातूचा तुटवडा होता. भारतात कोबाल्ट उत्प्रेरकाचा कारखाना उभारण्याचा विचार होईल, तेव्हा वापरलेल्या मालातून कोबाल्ट परत काढणारा विभाग त्याच आराखड्यात पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.